उघड्या स्विचवर पेटलेला बल्ब

मुख्याध्यापकाने सातवीच्या वर्गाला फसवलं, तपासणीला आलेल्या साहेबाने ती फसवणूक डोळ्यांनी पाहिली आणि झाकली, आणि खरं बोलणारी एक पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडली. मी तिथेच उभा होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. ज्यांनी केलं त्यांना वाचल्यावर आपोआप कळेल.

माझं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत. घरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, भावाभावांत पुरेना, म्हणून वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये विजेच्या मोटारी पुसायला लागलो. पुसता पुसता त्या उघडायला शिकलो, उघडता उघडता जळलेली तार काढून नवी भरायला शिकलो. शिकवलं कुणी नाही. उलट तिथला मिस्त्री जोडणी करताना मुद्दाम माझ्याकडे पाठ करून बसायचा. त्याच्या काखेखालून बघत बघत मी वाइंडिंग शिकलो आणि आलापल्लीला रस्त्याच्या कडेला टिनाचं दुकान टाकलं. मोटरपंप, रेडिओ, टेप, सगळं दुरुस्त करायचो. सौदा करायला मी चिकट आहे, असं लोक म्हणतात. खरं आहे. सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी मान्य केला नाही. पण एकदा ठरलं की ठरलं. ठरल्यावर फिरणाऱ्या माणसाची मला अशी किळस येते, की त्याच्या हातचं पाणी पिववत नाही.

ती शाळा मुलचेऱ्याच्या पलीकडे होती. निवासी, सातवीपर्यंतची. नव्वद सालानंतरची गोष्ट, गावागावांत टेप रेकॉर्डर वाजायचे ते दिवस. शाळेच्या विहिरीवरचा पंप जळला म्हणून मला बोलावलं होतं. पंप बसवून झाल्यावर हात धुवायला आत गेलो, तर कपाटात लाकडी पेट्या रचलेल्या दिसल्या. सहा पेट्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाची बोटं, आणि ती काही एका वर्षाची नव्हती. जुन्या कुंकवावर नवं कुंकू चढून पापुद्रे धरले होते. मी एक पेटी उघडली. आत सेल ठेवायचा साचा, छोटे बल्ब, त्यांचे होल्डर, पितळी पट्टीचा स्विच, चिमटे लावलेल्या तारा. सगळं कोरं. विजेची जोडणी पोरांना शिकवायचा संच होता तो, वरून आलेला. इतका नेटका माल मी दुकानात कधी पाहिला नव्हता, आणि तो इथे देवासारखा बसवून ठेवला होता.

मी शिपायाला विचारलं. तो भला माणूस, देवभोळा. म्हणाला, दरवर्षी खंडेनवमीला काढतो, पूजा करतो, परत ठेवतो. हत्यारांची पूजा होते तशी ही शाळेची हत्यारं. कुंकू नुसतं वरून नव्हतं. त्याने प्रत्येक पेटी उघडून आतल्या प्रत्येक पितळी टोकाला ओलं कुंकू मनोभावे लावलं होतं, एकही सोडलं नव्हतं. मीही दसऱ्याला माझ्या वाइंडिंग मशीनला कुंकू लावतो. पण बॉडीला लावतो. तार जिथे टेकते तिथे कुणी कुंकू लावतं का? शिपायाला हे सांगणारं शाळेत कुणी नव्हतं, कारण पेट्या वर्गात कधी उघडल्याच नव्हत्या. मुख्याध्यापकच विज्ञान शिकवायचे. परिपथाचा धडा ते फळ्यावर खडूने काढून शिकवत आणि पोरं व्याख्या पाठ करत.

मुख्याध्यापकांनी मला पेटी उघडताना पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. दिवाळीच्या आधी खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. या वेळी म्हणे संच वापरात आहेत का, तेच बघणार. मला विचारलं, मिस्त्री, हे चालू करून द्याल का आणि पोरांना थोडं दाखवाल का? मी म्हणालो, देईन, शनिवारी सकाळी येऊन शिकवीन, आणि एक पैसा घेणार नाही. माझ्यासारख्या माणसाने फुकट म्हटल्यावर ते सावध झाले. मग मी माझ्या अटी सांगितल्या. पेट्या पोरांच्या हातात राहतील, टेबलावर नाही. बल्ब उडाला तर कुणी पोरावर ओरडायचं नाही. आणि साहेबांच्या दिवशी जोडणी पोरं करतील, उत्तर पोरं देतील, मास्तर मधे पडणार नाही. त्यांनी पहिल्या दोन लगेच कबूल केल्या. तिसरीवर घासाघीस केली. निदान सुरुवात तरी मी करीन म्हणाले. मी उठून पिशवी उचलली तेव्हा हो म्हणाले आणि हातावर हात दिला. तो हात मला आजही आठवतो. मऊ होता आणि घामेजलेला होता.

काऊन फुकट शिकवलं, असं मला बायकोने विचारलं होतं. तिला सांगितलं नाही. इथे सांगतो. मला कुणाच्या काखेखालून बघावं लागलं होतं. ही पोरं समोरून बघतील, एवढाच माझा हिशोब होता.

पॉलिश पेपरने सगळी टोकं घासली, नवे सेल घातले. एका पेटीभोवती पाच-सहा पोरं सतरंजीवर बसवली. व्याख्या सांगितली नाही, मला येतही नव्हती. मी त्यांना बोट शिकवलं. सेलच्या टोपीवर बोट ठेवायचं, तारेवरून चालवायचं, बल्बमधून, स्विचमधून, कुठेही न उचलता सेलच्या बुडाशी परत आणायचं. बोट परत आलं तर बल्ब पेटेल. मधे कुठे उचलावं लागलं तर बल्ब पेटणार नाही, मग तुम्ही कितीही नवस करा. पहिल्या शनिवारी दोन बल्ब उडाले आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिसरा काढून दिला. त्यानंतर त्यांचे हात सुटले. कुणी विळा आणून तारांमध्ये धरला, कुणी बांबूची कामटी, एकाने तर आईचं जोडवं आणलं. विळ्यातून बल्ब पेटला तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो ऐकून मुख्याध्यापक दारात आले आणि कपाळाला आठ्या घालून परत गेले.

मागच्या पेटीवर एक पोरगी होती. अंगाने लहान. घरी माडिया बोली बोलायची, मराठी मोजून बोलायची, आणि म्हणून वर्गात तिला मठ्ठ समजत. ती बाकीच्यांसारखी तारा भराभरा लावत नसे. आधी बोट फिरवायची, मग जोडायची. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी तिच्या पेटीतला बल्ब काही केल्या पेटेना. सेल नवे, बल्ब चांगला. मी दुसऱ्या पेटीवर गुंतलो होतो. तिने तीनदा बोट फिरवलं, तिन्ही वेळा परत आलं. मग तिने स्विचची पट्टी वर केली, खालच्या टोकावर माझ्या नजरेतून सुटलेला कुंकवाचा पापुद्रा होता, तो नखाने खरवडला आणि पट्टी दाबली. बल्ब पेटला.

"कुंकवातून वीज जात नाई भाऊ," ती मला म्हणाली.

मुख्याध्यापक मागेच उभे होते. त्यांनी तिला हात जोडून पेटीच्या पाया पडायला लावलं. मला तेव्हा हसू आलं. हसायला नको होतं.

त्याच शनिवारी तिचा बाप तिला भेटायला आला होता, खांद्यावर कुऱ्हाड, अंगात बनियन. त्याच्याकडून मला कळलं की या पोरीचं पुढचं सगळं तपासणीच्या दिवसावर टांगलेलं आहे. चंद्रपूरला आठवीपासूनची एक निवासी शाळा होती, खऱ्या प्रयोगशाळेची. तपासणीत जे पोर प्रयोगाचं उत्तर नीट देईल, त्या एकाची शिफारस साहेब करणार होते. बाप म्हणाला, जागा भेटली त शिकन, नाई त घरी येईन. रागाने नाही, साधं सांगितलं. घरी तिच्या पाठीवर चार लहानगी होती. मी त्याला म्हणालो, जागा तिचीच आहे असं समज. मी सहसा असं बोलत नाही. माल हातात आल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही. त्या दिवशी दिला.

मग धानाला शेवटचं पाणी द्यायचे दिवस आले. त्या दिवसांत पंप जळतात आणि माझ्या दुकानासमोर रांग लागते. दोन शनिवार माझे चुकले. मधे दसरा येऊन गेला. या दोन वाक्यांत माझी चूक आहे, ती मी लपवत नाही.

तपासणीच्या सकाळी मी पहिल्या बसने पोचलो. व्हरांड्यात टेबलावर सहा पेट्या मांडलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या, बंद. मी एक उघडली. शिपायाने आपलं काम मन लावून केलं होतं. प्रत्येक टोकाला नवं कुंकू, ओलं लावून वाळलेलं, सेलच्या टोप्यांवरसुद्धा. सेल तसेच आत राहून पाझरले होते, तळाशी पांढरी बुरशीसारखी भुकटी. दुसरी उघडली, तीच गत. मी मुख्याध्यापकांना म्हणालो, एक तास द्या, पॉलिश पेपर माझ्या पिशवीत आहे, सेलही आणलेत. ते म्हणाले, साहेबांची गाडी निघाली आहे, आणि मी दुसरी सोय केली आहे. मी आठवण दिली की ठरलं काय होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, आजचा दिवस शाळेच्या इज्जतीचा आहे. सौदा बाजारात करायचा."

वर्गात त्यांची सोय होती. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर उभा केलेला प्लायवुडचा बोर्ड, बोर्डावर आपल्याच संचातलं सामान खिळे मारून बसवलेलं. सेल, तारा, पितळी पट्टीचा स्विच, बल्ब. लांबून सुंदर दिसत होतं. पोरं समोर सतरंजीवर. मी बाजूला, भिंतीकडच्या अंगाला उभा राहिलो आणि मला गुणगुण ऐकू आली. बारीक, माशीसारखी. ज्याने आयुष्य ट्रान्सफॉर्मरसोबत काढलं त्यालाच ती ऐकू येते. चादरीची कड टेबलामागे जमिनीपर्यंत सोडली होती. तिच्याखालून एक तार निघून भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती. टेबलाखाली एलिमिनेटर होता, टेप रेकॉर्डर सेलशिवाय चालवायची ती छोटी पेटी. मुख्याध्यापकांच्या टेपचा. त्या उन्हाळ्यात तो माझ्या दुकानात आला होता, त्याची तुटलेली वायर मीच जोडून दिली होती. जोडावरची माझी काळी चिकटपट्टी मला तिथून ओळखू आली. त्याच्या दोन तारा बोर्डाच्या मागून थेट बल्बच्या होल्डरला बांधल्या होत्या. सेल मेलेले, स्विच नावापुरता. त्यातल्या एका तारेत बटण घालून ते भिंतीशी बसवलेल्या शिपायाच्या हाताशी दिलं होतं. त्याला काय सांगून ठेवलं होतं ते मला नंतर कळलं: गुरुजी खोकले की बटण दाबायचं, पुन्हा खोकले की बंद करायचं.

एका बल्बसाठी. पॉलिश पेपरच्या एका तुकड्याने जे काम झालं असतं, त्याच्यासाठी या माणसाने रात्रभर बसून खोटं बांधलं होतं. ज्या हातांना पेटी कधी उघडता आली नाही, त्यांना हे बरोबर जमलं होतं.

साहेब आले. फुलं झाली, टिळा झाला. मुख्याध्यापकांनी पट्टी दाबली, खोकले, बल्ब पेटला. ते म्हणाले, परिपथ पूर्ण. तेवढ्यात साहेबांनी चहा मागितला आणि शिपाई चहा आणायला उठून गेला. मुख्याध्यापक साहेबांकडे तोंड करून बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मागे हात नेऊन पट्टी वर केली, खोकले आणि म्हणाले, परिपथ खंडित. बल्ब पेटलेलाच. पोरांमध्ये कुजबुज झाली. त्यांना वाटलं पोरं कौतुक करताहेत. वळून पाहिलंच नाही.

साहेबांनी पोरांना विचारलं, बल्ब का पेटला आहे, कोण सांगेल? हात एकच वर होता. तिचा. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या एका पोराचं नाव घेतलं, पण साहेब म्हणाले, येऊ दे तिला. ती बोर्डाजवळ आली, टाचा उंचावून सेलच्या टोपीवर बोट ठेवलं आणि चालवायला लागली. तारेवरून बल्ब, बल्बमधून स्विच. तिथे पट्टी वर उचललेली. बोट थांबलं.

"बोट वापस येत नाई," ती म्हणाली. "ह्यो बल्ब पेटाले नाई पायजे."

मुख्याध्यापक हसले. साहेबांना म्हणाले, जंगलातून आलेली पोर आहे, मराठी कच्चं आहे, घाबरली. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा तिथेच थांबलं, आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं असणार, बोटाचा नियम ज्याने सांगितला त्याने आता बोलावं.

मी म्हणालो, साहेब, इकडच्या अंगाने एकदा वाकून बघा. आणि चादरीची मागची कड उचलली. पोरांच्या बाजूने काही दिसत नव्हतं, पुढे चादर होती. साहेब वाकले. त्यांनी एलिमिनेटर पाहिला, भिंतीत गेलेली तार पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून कड घेतली, खाली सोडली आणि तळव्याने चादरीवरची सुरकुती सरळ केली. पाहुण्यांच्या घरी पलंगावर बसण्याआधी माणूस करतो तशी. उभे राहिले आणि पोरीला म्हणाले, "परिपथ पूर्ण आहे म्हणून बल्ब पेटला. बस खाली."

यानंतर मी जे केलं त्याची मला साहेबाइतकीच किळस येते. मला एक वाक्य बोलायचं होतं. बल्बला वीज भिंतीतून येऊन राह्यली. एवढंच. पोरांनी ऐकलं असतं, काम झालं असतं. बाजारात तासभर डोकं थंड ठेवून भाव पाडणारा मी, त्या वेळी माझं डोकं फुटलं. मी शिव्या दिल्या. साहेबाला दिल्या, मुख्याध्यापकाला दिल्या, त्यांच्या घराण्यांना दिल्या. तार हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. दोन मास्तरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि आतल्या पोरांना एवढंच कळलं की मिस्त्री पिऊन आला होता. मुख्याध्यापकांनी त्यांना तसंच सांगितलं. मी पीत नाही.

माझी पिशवी आतच राहिली. पुढच्या शनिवारी ती घ्यायला गेलो तर मला फाटकातच उभं केलं. शिपायाने पिशवी आणून दिली. तो डोळे वर करत नव्हता. त्याच्या हातात तपासून झालेल्या वह्यांचा गठ्ठा होता, मी मागितली म्हणून त्याने तिची वही दाखवली. सगळ्या वर्गाला एकच वाक्य दहा वेळा लिहायला लावलं होतं, परिपथ पूर्ण होता म्हणून बल्ब पेटला. तिने लिहिलं होतं. दहाही वेळा, एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही. खाली लाल शाईत बरोबरची खूण.

चंद्रपूरची जागा व्याख्या पाठ म्हणणाऱ्या पोराला मिळाली. त्याचा काही दोष नाही, त्याला विचारलं ते त्याने म्हटलं. ती सातवी झाल्यावर घरी गेली. मी तिच्या बापाला गाठायला गावी गेलो होतो. त्याने मला खाट दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, तुमी बोलले होते जागा तिचीच हाय म्हणून. मी पाणी न पिताच उठलो.

काही वर्षांनी ती मला मुलचेऱ्याच्या बाजारात भेटली. बंगाली बाईपाशी सुकी मासळी घेत होती. कडेवर पोर. मी ओळखलं नाही, तिनेच हाक मारली. दुकान कसं आहे विचारलं, बापाची तब्येत सांगितली. शाळेविषयी मी काही काढलं नाही. निघताना तिने कडेवरचं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं आणि विचारलं, "भाऊ, तो बल्ब कायच्यावर पेटला होता?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. इतकी वर्षं तिला कुणी सांगितलं नव्हतं. चादरीमागे काय आहे ते तिला दिसलं नव्हतं आणि मी शिव्या देत बसलो होतो. ती घरी गेली, लग्न झालं, पोर झालं, आणि तिच्या डोक्यात तो बल्ब उघड्या स्विचवर पेटलेलाच होता. मी तिथेच, मासळीच्या पाटीशेजारी, तिला सगळं सांगितलं. एलिमिनेटर, भिंतीतली तार, खोकला, साहेबांनी वाकून बघणं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमी त माह्याच बाजूनं सांगान," ती म्हणाली. "त्यायनं सांगाले पायजे."

बरोबर बोलली. माझ्या सांगण्याने तिची वही दुरुस्त होत नाही. ती वही ज्याने लाल शाईने तपासली, त्याच्या हातचं उत्तर पाहिजे.

मुख्याध्यापक निवृत्त होऊन आता चंद्रपुरात राहतात. साहेब वरच्या खुर्चीवर जाऊन आले. दोघंही कार्यक्रमांत शाल घेतात आणि मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टी यावी असं बोलतात. मी एकदा मागे बसून ऐकलं आहे. दोघांनाही मी चिठ्ठ्या पाठवल्या, उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर विचारतो, आणि या वेळी शिवी देत नाही.

साहेब, तुम्ही वाकला होता. तुम्ही तार पाहिली होती. ज्या हाताने चादर सरळ केली त्याच हाताने एका ओळीत लिहा आणि त्या बाईच्या घरी जाऊन तिच्या हातात द्या. पत्ता मी देतो, सोबतही येतो. गुरुजी, तुम्हीही या. तिला नीट ऐकू जाईल असं सांगा. त्या दिवशी स्विच उघडा होता की नव्हता?